रात्री गल्लीतनं बुलेट गेली तरी छातीत धस्स होतं

पत्र:

ताई, नमस्कार. माझं वय ४६. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि २० वर्षांचा मुलगा. वरच्या मजल्यावर धाकटे भावजी आणि जाऊ. मिस्टरांचं महाद्वार रोडला कापडाचं छोटं दुकान आहे. गेली दोन-तीन वर्षं शहरात काही ना काही चालूच आहे. कधी कुणाच्या स्टेटसवरनं, कधी मोर्चा, कधी बंद. बंद म्हटलं की आमचं शटर खाली.

मिस्टर आणि भावजी पूर्वी एकाच पक्षाचं काम करायचे. पक्ष फुटला, दोघं दोन बाजूंना गेले आणि आता जेवायला बसलं की आवाज चढतात. आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुस्लिम कुटुंब आहे, २० वर्षांचा शेजार. माझा मुलगा अर्धा त्यांच्या घरातच वाढला. ईदचा शिरखुर्मा तिकडनं, दिवाळीचा फराळ इकडनं. मागं गावात दगडफेक झाली तेव्हापासनं ते बंद पडलं. भांडण काहीच नाही. भाभी दिसल्या की त्या खाली बघतात, मीही खाली बघते.

मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय आणि मंडळात असतो. त्याचे स्टेटस बघून माझा जीव वरखाली होतो. बोलायला गेलं की म्हणतो, "आई, तुला त्यातलं काय कळतंय, गप बस की."

मला रात्री दोन-अडीचला जाग येते. गल्लीतनं बुलेट गेली तरी छातीत धस्स होतं, हाताला घाम सुटतो. मग मोबाइल उघडते आणि पहाटेपर्यंत बघत बसते. सासूबाईंच्या झोपेच्या गोळीतली अर्धी चार-पाच वेळा घेतली. घरात कुणाला सांगितलेलं नाही. मी वेडी व्हायला लागलेय का? हे राजकारण-बिजकारण बघायचंच सोडून देऊ का?

उत्तर:

ताई, तुम्हाला वेड लागलेलं नाही. तुमचं दुकान बंदला बंद होतं, मुलगा रात्री बाहेर असतो, शेजार मुका झालाय आणि घरातल्या घरात दोन बाजू पडल्यात. यातल्या एकाही गोष्टीची काळजी खोटी नाही. २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून आपल्या शहरात बंद झाला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. ते दिवस आपण सगळ्यांनी काढलेत. म्हणून "काही होत नाही, तुम्ही उगीच मनाला लावून घेता" असं मी म्हणणार नाही. असं ऐकून कुणाची काळजी कमी होत नाही. माणूस ती बोलून दाखवायची बंद करतो, एवढंच. तुम्ही घरात कुणाला सांगितलेलं नाही, त्यामागेही हेच असणार.

आता रात्री अडीचचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतंय.

धोका जाणवला की आपलं शरीर पळायला नाहीतर भिडायला तयार होतं. ॲड्रेनालिन रक्तात उतरतं, काळीज धडधडतं, श्वास वरवर चालायला लागतो, तळहाताला घाम येतो, पोटात गोळा उठतो. बुलेटच्या आवाजाने होतं ते हेच. गाडी निघून गेली, गल्ली शांत झाली, की हा जोर पंधरा-वीस मिनिटांत आपोआप ओसरायला लागतो. पण नेमका त्याच वेळी तुमच्या हातात मोबाइल येतो. त्यात कुठल्यातरी गावचा जमाव पळताना दिसतो, कुणीतरी ओरडत असतं, खाली शिव्या असतात. बाहेरचा धोका गेला, पण शरीराला वाटतं तो अजून उशाशी बसलाय, आणि पहाटेपर्यंत ते उतरतच नाही.

याचा अभ्यास झालेला आहे. २०१३ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर संशोधकांनी हजारो लोकांची पाहणी केली. पुढचा आठवडाभर रोज सहा-सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्या घटनेच्या बातम्या आणि दृश्यं बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं आढळली, आणि ती स्फोटाच्या जागी किंवा आसपास असलेल्या लोकांपेक्षाही जास्त होती. तुम्ही अंथरुणात बसून जे बघता त्याची झळ शरीराला किती लागते, हे यावरून लक्षात यावं.

पण मोबाइलच्या आधी एक काम आहे आणि ते याच आठवड्यात करायचं आहे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. धडधड, घाम, मध्यरात्रीची जाग, चिडचिड हे सगळं ताणाने होतं, तसंच ते थायरॉईडनेही होतं, हिमोग्लोबिन उतरलं तरी होतं. आणि ४६ व्या वर्षी पाळी जायच्या आधीच्या काळातही होतं. पाळी पुढेमागे होतेय का, अंगातून एकदम गरम वाफा येतात का, हे पत्रात नाही. डॉक्टरांना मात्र आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. आपल्याकडे बाईची धडधड बाहेरच्यांना "टेन्शन" वाटते आणि तिला स्वतःला "वेड". रक्त तपासायचं दोघांनाही सुचत नाही. बीपी, थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि साखर, एवढं बघून घ्या. छातीत दुखणं, दम लागणं, हात किंवा जबडा भरून येणं असं काही असेल तर वाट न बघता त्याच दिवशी ईसीजी काढा.

डॉक्टरांना त्या अर्ध्या गोळीचंही सांगायचं. शरमायचं कारण नाही, सांगितल्याशिवाय मात्र राहू नका. झोपेच्या या गोळ्या बहुतेकदा अशा गटातल्या असतात की रोज घेतल्या तर थोड्याच आठवड्यांत त्यांची सवय लागते, आणि मग गोळीशिवाय येणारी रात्र पहिल्यापेक्षा वाईट असते. तुम्ही चार-पाच वेळाच घेतली आहे, तेव्हा इथेच थांबा. पण रोजची झाली असेल आणि पत्रात तुम्ही आकडा कमी लिहिला असेल, तर मात्र मनाने एकदम बंद करू नका. ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावी लागते. आणि ओघात आलं म्हणून, सासूबाईंची ती गोळी किती वर्षं चालू आहे तेही एकदा विचारा. म्हातारपणी या गोळ्यांनी तोल जातो, रात्री उठताना पडायला होतं.

रात्री जाग आली की काय करायचं? घड्याळ बघायचं नाही. उठून बसा, पाय खाली फरशीवर टेकवा. नाकाने सावकाश श्वास घ्या, मनात चार मोजा. सोडताना सहा मोजा. सोडणं लांबवलं की काळजाची गती खाली येते. हा शरीराचाच नियम आहे, त्याला श्रद्धा लागत नाही. पाच-सात मिनिटं करा. तरी झोप येईना असं वाटलं तर अंथरुणात तळमळत पडू नका. बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा, वाती वळा, शेंगा फोडा, हाताला चालेल असं बिनडोक्याचं काम करा आणि डोळे जड झाले की परत या. अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा, अशी शरीराची समजूत झाली आहे, ती मोडायची आहे. पहिल्या चार रात्री काही फरक वाटणार नाही. दोन-तीन आठवडे धरून राहा. दुपारी चारनंतर चहा घेऊ नका.

काळजीला दिवसाची वेळ द्या. संध्याकाळी दिवा लावला की वही घेऊन पंधरा मिनिटं बसा आणि डोक्यात असेल ते लिहून काढा. "बंद झाला तर महिन्याचा हप्ता", "पोरावर केस", "भाभी बोलत नाहीत". प्रत्येकापुढे लिहा, यात उद्या मला करता येण्यासारखं काय आहे. असलं तर लिहा, नसलं तर रेघ मारा. रात्री तोच विचार आला की त्याला उद्याची संध्याकाळ सांगता येते. हे समुपदेशनातलं जुनं, वापरून बघितलेलं तंत्र आहे.

आता मोबाइल. तुम्ही विचारलंत, बघायचंच सोडून देऊ का. नाही. मला तसं वाटत नाही. बातमी कशी घ्यायची हे कोल्हापूरकरांना पावसाळ्यात बरोबर कळतं, तेच इथं लावा. जुलै-ऑगस्टमध्ये आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पंचगंगा ३९ ला आली की नदीकाठची माणसं सामान वर टाकतात, जनावरं हलवतात. ४३ च्या तयारीला लागतात. आकडा कळतो आणि त्याबरोबर काय करायचं तेही कळतं. दिवसातून दोन-तीनदा तो आकडा बघितला की काम भागतं. रात्रभर कुणी पाण्याचे व्हिडिओ बघत बसलं म्हणून पाणी एका इंचाने उतरत नाही. तुमच्या मोबाइलवर रात्री जे येतं त्यातल्या किती गोष्टींनंतर तुम्हाला काही करता येतं? हाच प्रश्न प्रत्येक बातमीला लावा. उद्या बंद आहे, दुकान उघडायचं नाही, ही बातमी तुमच्या कामाची. लांबच्या कुठल्या शहरात कोण कुणाला काय बोललं, याचा व्हिडिओ अडीच वाजता बघून तुमच्या हाताला काही लागत नाही.

तेव्हा सकाळी पेपर आणि संध्याकाळी एकदा बातम्या, अर्धा तास. बस. गल्लीचा, मंडळाचा, नातेवाइकांचा, असे जे जे ग्रुप पेटलेले असतात ते म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. ग्रुप सोडायची गरज नाही, सोडला की "का सोडला" हे नवीन सुरू होतं. रात्री साडेनऊला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा आणि तिथेच ठेवायचा. नोटिफिकेशन बंद, रिंग मात्र चालू आणि मोठी. मुलगा बाहेर असतो, त्याचा फोन तुम्हाला ऐकू आला पाहिजे. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

आणि खरंच काही झालं तर? हे तुम्ही विचारणार, आणि विचारायलाच पाहिजे. खरंच काही झालं तर फोन येतो. दुकानाच्या आसपासचा एखादा शांत डोक्याचा व्यापारी आणि तुमच्या माहेरचं एखादं माणूस, दोघांना सांगून ठेवा, "गावात काही असेल तर मला मेसेज नको, फोन करा." डोळ्यासमोर काही होताना दिसलं तर ११२ ला फोन. खात्री करायची असेल तर जिल्हा पोलिसांचं आणि जिल्हाधिकाऱ्यांचं अधिकृत खातं बघा. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो मजकूर अनेक हातांतून फिरून आलेला आहे. तो तुमच्यापाशीच थांबवा. हे मी कळकळीने सांगतेय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आलीय या अफवेवरून जमावाने पाच माणसांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षा मागून खाणारी माणसं होती ती. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यातल्या बहुतेकांना "काळजीपोटी सगळ्यांना कळवावं" एवढंच वाटलं असणार. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

भावाभावांचं मला फार मोठं वाटत नाही, खरं सांगायचं तर. एकाच घरात दोन गट हे कोल्हापूरला नवीन नाही. कारखान्याच्या निवडणुकीला, दूध संघाच्या निवडणुकीला एका वाड्यातली माणसं दोन पॅनेलला असतात आणि लग्नाच्या पंगतीला शेजारी बसतात. तुम्ही आणि जाऊबाई दोघी मिळून एवढंच ठरवा की ताट वाढल्यापासून हात धुवेपर्यंत हा विषय नाही. तुम्ही एकट्याने सांगितलं तर ते मिस्टरांना टोमण्यासारखं लागेल. दोघींनी, एकाच वेळी, दोघांना सांगा. जेवणानंतर त्यांनी गच्चीवर जाऊन तासभर भांडावं, त्यांचा तो हक्क आहे. बोलणंच बंद झालं तर मात्र मला परत लिहा.

मुलाचं वेगळं आहे. तिथं घाई करून चालणार नाही.

"मंडळात जाऊ नको" हे वाक्य तुम्ही बोलला असाल तर ते आता बाजूला ठेवा. पेठेतल्या पोराला मंडळ म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गणपती तिथं, फुटबॉल तिथं, भरतीसाठी पहाटे धावायला सोबत तिथली. २०१९ च्या पुरात पाण्यात उतरून अनोळखी म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन आलेली पोरं याच तालमी-मंडळांतली होती. त्याला ते सगळं सोडायला सांगितलं तर तो घर सोडेल, मंडळ सोडणार नाही. आणि वीस वर्षांच्या पोराला चारचौघांत, वडिलांसमोर, ताटावर बसलेला असताना काही सांगू नका. तो दुकानातून तुम्हाला गाडीवरून आणतो, रविवारी मंडईला नेतो, तेव्हा बोला. एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागत नसलं की पोरं जास्त बोलतात.

पहिल्या दिवशी फक्त विचारा. "गावात हे जे चाललंय त्यात तुला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो?" मग गप्प राहा. तो जे सांगेल ते तुम्हाला पटणार नाही, तरी मध्ये तोडू नका. रागाखाली बऱ्याचदा दुसरंच काहीतरी असतं. भरती निघत नाही, वय चाललंय, मित्राचं सिलेक्शन झालं, घरात वडील आणि काका सारखे भांडतात. ते बाहेर आलं तर त्या दिवशी स्टेटसचा विषयच काढू नका.

दुसऱ्या वेळी तुमचं सांगा. तुम्हाला त्यातलं कळतं की नाही यावर वाद नको, तुमची भीती सांगा. "मी रात्री झोपत नाही. तुझ्या नावावर केस होईल याची मला भीती वाटते." पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी होते, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ त्याला स्वतःला शोधून वाचायला सांगा. धर्म, जात, भाषा यांवरून समाजात तेढ वाढवली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि त्यात मोबाइलवरून पाठवलेलंही धरलं जातं. मजकूर दुसऱ्याने लिहिला होता, मी फक्त ठेवला, असं म्हणून सुटका होईलच असं नाही.

पण नुसत्या केसच्या भीतीने तो थांबला तर मला त्यात समाधान वाटणार नाही, आणि तुम्हालाही वाटू नये. एक गोष्ट करा. त्याला म्हणा, "तुझं ते स्टेटस कुणी कुणी बघितलं, ते एकदा खाली यादीत बघ." शेजारच्या भाभींचा नंबर त्याच्याकडे आहे, त्यांच्याकडे त्याचा आहे. शाळेतून आल्यावर कुलूप दिसलं की तो ज्या घरात जाऊन जेवायचा, त्या घरातल्या बाईने ते वाचलेलं असायची दाट शक्यता आहे. यावर तुम्ही काही बोलू नका. ओरडू नका, रडू नका. त्याला ते नाव बघू द्या. तो म्हणेल, "मी त्यांना थोडंच म्हणतोय." तर एवढंच विचारा, "त्यांना हे कसं कळणार?"

आता तुम्ही आणि भाभी. तुमच्या पत्रातल्या सगळ्या दुखण्यात मला हे सगळ्यात खोल वाटलं, आणि बरं करणं सगळ्यात जास्त तुमच्या हातात असलेलंही हेच आहे. तुम्ही लिहिलंय, भांडण काहीच नाही. म्हणजे दोघींपैकी कुणीतरी आधी बोलायचं, एवढंच राहिलंय. तुम्ही रात्री बुलेटचा आवाज ऐकून उठता, तेव्हा भिंतीपलीकडे भाभीही उठून बसलेल्या नसतील कशावरून? मुलगा त्यांनाही असेल, तोही रात्री उशिरा येत असेल. कदाचित तुमच्यापेक्षा त्यांना जास्त भीती असेल, आणि तुम्ही बोलायचं बंद केलंत याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीने लावला असेल.

सणाची वाट बघू नका. सणाला गेलं की त्याला समारंभ येतो, घरातले सगळे बघत असतात. दुपारी पुरुष माणसं बाहेर असताना एक वाटी घेऊन जा. कशाचीही चालेल, आमटीची चालेल. दारात म्हणा, "भाभी, बरेच दिवस बोलणं नाही, मला चैन पडेना म्हणून आले." पुढे काही ठरवून बोलू नका. त्या दिवशी राजकारण काढू नका, "तुमच्यातले", "आमच्यातले" हे शब्द तर नकोतच. मुलीच्या परीक्षेचं विचारा, गुडघ्याचं विचारा, त्या पूर्वी जे सांगायच्या ते विचारा. त्यांनी वाटी घेतली आणि दार लोटलं, असंही होईल. वाईट वाटून घेऊ नका, त्यांनाही वेळ लागणार. आठवड्याने परत जा. मुलाच्या स्टेटसबद्दल त्यांनी विचारलंच, तर त्याची बाजू घेऊ नका आणि त्याला शिव्याही घालू नका. "मलाही ते आवडलेलं नाही, मी त्याच्याशी बोलतेय," एवढं खरं खरं सांगा.

हे भाबडेपण आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आपल्या कितीतरी तालमींत गणपती बसतो तसे मोहरमचे पंजेही बसतात, दोन्हीची वर्गणी तीच माणसं गोळा करतात. १९०६ साली शाहू महाराजांनी मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी करायला हात दिला आणि त्यांच्या बोर्डिंगची इमारत आजही दसरा चौकात आहे. ६ मे २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता हे शहर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं, तेव्हा तुम्हीही दुकानाबाहेर येऊन उभ्या राहिला असाल. २०२३ चा जूनही याच गावाने बघितला. दोन्ही खरं आहे. मोबाइल तुम्हाला रात्री त्यातलं एकच दाखवतो.

राहिलं राजकारण. ते सोडू नका, त्याचा आकार मात्र लहान करा. देशात काय होणार हे तुमच्या हातात नाही, गल्लीत काय होणार हे थोडंफार आहे. सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथं बहुतेक पुरुषच बसलेले असतात. ठाण्यात महिला दक्षता समितीही असते. चौकशी करा, जाऊबाईंना घेऊन जा आणि जमलं तर भाभींनाही. रात्री कुठल्या कोपऱ्यावर दिवा नाही, कुठल्या मिरवणुकीला कुठं अडचण होते, हे गल्लीतल्या बायकांना जितकं माहीत असतं तितकं कुणालाच नसतं. तुमच्या भागाच्या नगरसेवकाला त्याच दिव्यासाठी गाठा. भीतीने नुसतं बसून राहिलं की ती वाढते. हाताला काम मिळालं की ती आपल्या मापात येते. पण महिन्यातून एखादी बैठक पुरे. यातही झोप घालवू नका.

हे सगळं करून तीन-चार आठवड्यांत झोपेत काहीच फरक पडला नाही, दिवसाही घराबाहेर पडायची भीती वाटायला लागली, स्वयंपाकात, दुकानाच्या हिशोबात लक्ष लागेना, सारखं रडू यायला लागलं, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचं. सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केस पेपर काढून जाता येतं. तिथं गेलं म्हणजे वेड लागलं असं नाही. बोलून बरं होण्यासारखं असेल तर ते बोलतील, औषध लागलं तर देतील. ही औषधं सासूबाईंच्या गोळीसारखी लगेच गुंगी आणत नाहीत, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि मधेच मनाने बंद करायची नसतात. रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने चालू केलेली मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. रात्री अडीचला मोबाइल हातात घ्यावाच लागला, तर तो या नंबरसाठी घ्या. आणि जगणं नको असा विचार एकदा जरी मनात येऊन गेला, तर आठवड्यांचा हिशोब करू नका. त्याच क्षणी हा फोन लावा आणि मिस्टरांना उठवा.

मिस्टरांना तसंही सांगाच. आजच, दुकान बंद करून आल्यावर. "मला रात्री झोप येत नाही, मी तुमच्या आईची गोळी घेतली, मला उद्या डॉक्टरकडे यायला सोबत पाहिजे," एवढी तीन वाक्यं. त्यांना राजकारणावर मत देता येतं, तसं याच्यावर काही सुचणार नाही कदाचित. डॉक्टरकडे गाडीवरून नेणं त्यांना नक्की जमेल.

रक्ताचे रिपोर्ट आले की मला कळवा. मुलाशी बोलणं झालं तर तेही लिहा. तुमचं नाव, पत्ता कुठंही छापला जाणार नाही.